कॅसेटवरून केलेली दुरुस्ती

हे मस्कतला निघाले त्या दिवशी वर घरात माणसांची जत्रा भरली होती आणि हे खाली जिन्याखाली उकिडवे बसून मला मोटरसायकल चालू करायला शिकवत होते. सासूबाई गावाहून आल्या होत्या, नणंद भांडुपहून, माझी आई जोगेश्वरीहून चिवड्याचा डबा घेऊन. सगळ्यांना जाणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलायचे होते. मलाही होते. माझ्या वाट्याला आले ते असे: पेट्रोलचा कॉक उघड, चोक ओढ, चावी फिरव, मग किक. दर रविवारी सकाळी चालू करायची, थोडा वेळ धुगधुगू द्यायची, बंद करायची. आणि गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचा नाही. मी मान डोलावली. लग्नाला जेमतेम वर्ष होत आलं होतं, तेव्हा मी कशालाही मान डोलवायची.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि या वयात ती मोडावी असं मलाही वाटत नाही.

आम्ही मरोळला राहायचो, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. एक खोली आणि स्वयंपाकघर. मी वसाहतीतल्याच एका कारखान्यात औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग करायला जायचे. आठवडा कसाही निघून जायचा, कारण हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. रविवार मात्र सरायचा नाही. बिल्डिंगभर मटणाचे नाहीतर मासळीचे वास सुटलेले असायचे, प्रत्येक दारातून हसण्याखिदळण्याचे आवाज यायचे आणि मी एका माणसासाठी एक बांगडा तळत उभी असायचे. त्या एका बांगड्याचा मला फार राग यायचा. म्हणून रविवारी सकाळी मोटरसायकल चालू करणं हे खरं तर माझ्या सोयीचंच काम होतं. कोणीतरी सांगून गेलेलं, कोणासाठी तरी करायचं.

पहिल्या रविवारी पदर खोचून मी किक मारायला उभी राहिले तर जिन्यात प्रेक्षक जमले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तळमजल्यावर एक काका राहायचे, नोकरीतून निवृत्त झालेले आणि सल्ला द्यायला कायम मोकळे. ते म्हणाले, सुनबाई, पाय मोडून घ्याल. पाय काही मोडला नाही. चौथ्या-पाचव्या रविवारी प्रेक्षकांना कंटाळा आला आणि मग धूर सोडणाऱ्या त्या काळ्या धुडासमोर मी एकटीच उभी राहायची.

ह्यांना लिहायचा भयंकर आळस. पत्र म्हणजे चार ओळी, त्यातल्या दोन मायन्यात जायच्या. म्हणून कॅसेटी सुरू झाल्या. तिकडून कोणी सुट्टीवर आलं की पायमोज्यात गुंडाळलेली एक कॅसेट आणून द्यायचं आणि परत जाताना माझी घेऊन जायचं. त्या काळात आखातात माणूस असलेल्या घरोघरी हे चालायचं. पण कॅसेट ही एकट्याने ऐकायची वस्तू नव्हती. कॅसेट आली म्हटलं की नणंद भांडुपहून पोराबाळांसह हजर. आईलाही जोगेश्वरीहून बोलवायला लागायचं, नाहीतर जावयाचा आवाज ऐकवला नाही म्हणून रुसवा. ह्यांनाही हे ठाऊक होतं. त्यामुळे कॅसेटवर आधी देवाचं नाव, मग सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी, मग बहिणीच्या मुलांच्या शाळेची, मग सगळ्यांना नमस्कार. माझ्यासाठी वेगळं असं काय बोलणार? सगळे कान टवकारून बसलेले.

पण शेवटी मोटरसायकल यायची. "आता गाडीचा," असं म्हणून हे घसा खाकरायचे आणि नणंद चहा ठेवायला उठायची. पोरं बाहेर पळायची. आई वाती वळायला घ्यायची. प्लग काढून साफ कर, बॅटरीत पाणी घाल, टायरमधली हवा बघ, यात कोणाला रस असणार? तो भाग तेवढा माझा एकटीचा उरायचा. ह्यांनाही ते कळलं असावं, कारण हळूहळू गाडीचा भाग लांबत गेला. आवाजसुद्धा तिथे जरा खाली यायचा, सावकाश व्हायचा. आमच्या घरी माया दाखवायची ती अशीच, बॅटरीच्या पाण्यातून.

माझ्या कॅसेटच्या शेवटी मी न चुकता एक प्रश्न विचारायचे. ह्यांचा करार दोन वर्षांचा होता. तो संपला की पुन्हा सही करणार का? याचं उत्तर मला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. मस्कतहून येणारी घोंगडी नको, साबण नको. हे परत येणार आहेत की नाही एवढं कोणीतरी सांगावं. पुढच्या कॅसेटवर त्या प्रश्नाला उत्तर नसायचं. "प्लग साफ केलंस काय?" हे असायचं.

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला मी गाडीची पूजा केली. आदल्या वर्षी दोऱ्याने बांधलेला झेंडूचा हार बिल्डिंगमधल्या पोरांनी दुपार व्हायच्या आत ओढून नेला होता आणि माझ्या जिवाला ते लागलं होतं. घरचा पुरुष नाही म्हणून काय ह्यांच्या गाडीचा हारही राहू नये? म्हणून या खेपेला मी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून बारीक तार काढली. गाडी धुतली, पुसली, हळदकुंकू लावलं आणि हार हेडलाइटच्या खाली तारेने बांधून ती तार पकडीने अशी पिरगळली की कोणाच्या बापाला सुटू नये. नारळ फोडला. काकांना प्रसाद दिला. झेंडू सुकला तरी तोरण उतरवायचं नाही, ही माझ्या माहेरची रीत, म्हणून हार तसाच राहिला.

पुढच्या रविवारी गाडी चालू झाली नाही.

आधी वाटलं, माझी किक कमी पडली. मग वाटलं, धुताना पाणी गेलं असेल, वाळेल. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी किका मारून मारून घामाघूम झाले, पोटरीत गोळा आला, आणि आत नुसता फुस्स आवाज. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली, एवढा मोठा हार कशाला घालायचा. काका म्हणाले, नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावतो, चहा पिऊन होईपर्यंत करून देईल. मी नको म्हटलं. ह्यांनी गॅरेजला नको सांगितलंय, असं मी त्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. पण खरं कारण वेगळं होतं. चहा पिऊन होईपर्यंत गाडी दुरुस्त झाली असती तर हे माझ्याशी काय बोलले असते? मला गाडीत दोष हवा होता असं नाही, पण दोष आलाच होता तर तो मी फुकट घालवणार नव्हते.

मी कॅसेट पाठवली. उत्तर यायला बरेच दिवस गेले. आली ती कॅसेट मात्र अशी होती की नणंदेने पहिल्या पाच मिनिटांतच चहा ठेवला. अख्खी एक बाजू गाडी.

हे म्हणाले होते, ही कॅसेट खाली गाडीजवळ घेऊन बस आणि मी सांगतो तसं करत जा. म्हणून रविवारी मी टेपरेकॉर्डर जिन्याच्या पायरीवर ठेवला, बसायला स्वयंपाकघरातला पाट घेतला आणि बटण दाबलं.

"प्लग काढलंस? आता तो टोपीत घाल आणि इंजिनाच्या पट्ट्यांवर टेकव. हातान धरू नको गो, झटको बसतलो. आता किक मार आणि ठिणगी दिसता काय बघ. मी थांबतंय."

आणि हे थांबले. खरोखर थांबले. टेप बंद न करता मला किक मारायला वेळ दिला. कॅसेट फिरत होती आणि त्यातून ह्यांची खोली ऐकू येत होती. पंख्याची किरकिर. कोणीतरी ताट धूत होतं. लांब कोणाच्या तरी रेडिओवर मल्याळी बायका बोलत होत्या. आणि अगदी जवळ, माइकच्या तोंडाशी, ह्यांचा श्वास. मग काडी ओढल्याचा आवाज. सिगारेट सोडली म्हणून स्वतःच्या आईला शपथेवर सांगितलं होतं या माणसाने.

मी किक मारलीच नाही. पाटावर बसून राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की हे माझ्या शेजारी उकिडवे बसलेत आणि आम्हा दोघांना कुठेही जायचं नाहीये. मग आवाज आला, "इली काय ठिणगी? नाय? बरां. घाबरू नको." आणि मला इतकं रडू आलं की वरून वहिनींनी विचारलं, लागलं का गं काही? मी म्हटलं, पाना लागला.

कॅसेट मागे फिरवून मग खरंच किक मारली. ठिणगी नव्हती. प्लग बदलला, ठिणगी नव्हती. प्लगच्या टोपीची वायर कापून पुन्हा बसवली, तरी नव्हती. प्रत्येक कामाच्या मागे हे थांबत होते आणि प्रत्येक थांबण्यात मी ती खोली ऐकत होते. कोणी दार लोटलं, कोणी खोकलं, एकदा कोणीतरी हिंदीत म्हणालं की किससे बात करता है, आणि हे म्हणाले, घरवालीसे. ते घरवालीसे मी किती वेळा ऐकलं असेल, फीत घासली जाईल अशी भीती वाटायला लागली.

मी कळवलं की ठिणगी नाही. शेवटी नेहमीचा प्रश्नही विचारला. पुढची कॅसेट आली ती पॉइंटची. इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडून आतल्या दोन इवल्याशा पत्र्यांचं तोंड साफ करायचं होतं, पोस्टकार्डाचा तुकडा मध्ये घालून हलकेच ओढायचा. सुईत दोरा ओवावा तसं काम. माझ्या हाताला ते जमलं, पॅकिंगची सवय होती. पोस्टकार्ड काळं झालं. ठिणगी मात्र नाही. आणि प्रश्नाचं उत्तरही नाही.

तोवर थंडी सुरू झाली होती. काका आता माझ्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. आई आली की म्हणायची, विकून टाक ते धूड. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं की गाडी चालू झाली पाहिजे आणि ह्यांनी ती चालू असताना ऐकली पाहिजे. माझं गणित सोपं होतं. आपली गाडी चालू आहे, खाली उभी आहे, हे कळलं की माणसाला घर आठवेल. मग सहीचा कागद पुढे आला तरी हात मागे जाईल. एवढ्या एका आशेवर मी ते नटबोल्ट फिरवत होते.

तिसऱ्या कॅसेटवर वायरी होत्या. "एक वायर इंजिनातून वर हेडलाइटात जाता, चावीकडे," हे सांगत होते. "चावी बंद केलंस की ती लोखंडाक लागता आणि ठिणगी मरता. ती खंय सोलली असली तर चावी चालू असून उपयोग नाय. बोट लावून बघ, डोळ्यांनी दिसाची नाय. सावकाश. मी थांबतंय."

मी बोट लावलं. इंजिनापासून टाकीखालून वर, हळूहळू, ह्यांच्या श्वासाच्या लयीत. आणि हेडलाइटच्या खाली बोट अडलं. तिथे माझी तार होती. सुकलेल्या झेंडूच्या आत, पकडीने पिरगळलेली. जुन्या वायरचं तडकलेलं रबर चिरून ती आत रुतली होती आणि तिचं दुसरं टोक हँडलच्या लोखंडाला घट्ट टेकलं होतं. म्हणजे दसऱ्यापासून मी गाडीला चावी बंदच करून ठेवली होती, हळदकुंकू लावून. हे बिचारे मस्कतमध्ये बसून गाडीचा कोपरान् कोपरा आठवत होते, पण हार काही त्यांच्या हिशोबात नव्हता.

टेपमध्ये हे अजून थांबलेलेच होते. मी तार कापली, वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळली, प्लग टेकवून किक मारली आणि निळी टीचभर ठिणगी उडाली. प्लग बसवला. चोक ओढला. दुसऱ्या किकेला गाडी अशी धडधडली की जिन्यातली कबुतरं उडाली आणि सगळा तळमजला धुराने भरला. काका खोकत बाहेर आले, काहीतरी ओरडले, ते मला ऐकूच आलं नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या आणि सांगायला समोर कोणी नव्हतं. टेपमधला आवाज गाडीच्या आवाजात बुडून गेला होता. हे "इली काय ठिणगी?" म्हणाले असतील तर ते मी ऐकलं नाही.

कोरी कॅसेट आणून मी टेपरेकॉर्डर सायलेन्सरजवळ धरला आणि गाडीचा आवाज भरला. मग हाराची गोष्ट सांगितली, हसत हसत. शेवटी म्हटलं, "ऐकलंत ना? चालू आहे. मी एकटीने केली. आता तुम्ही या."

याचं उत्तर लवकर आलं. ह्यांनी खोलीतल्या सगळ्यांना गाडीचा आवाज ऐकवला होता. हाराच्या गोष्टीवर सगळे पोट धरून हसले होते. "शाब्बास गो," असं हे म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, आई आणि नणंद ऐकत असताना. मी आठवडाभर त्या एका शब्दावर चालत होते. पण त्या कॅसेटवर गाडीचा भाग तेवढाच होता. पुढच्या कॅसेटवर दोन वाक्यं. गाडी ठीक ना? बरं. नणंदेला चहा ठेवायलाही सवड मिळाली नाही.

आंब्याच्या दिवसांत हे आले. सहारच्या विमानतळावर आम्ही सगळे टॅक्सी करून गेलो. हे जाड झाले होते, कानाजवळ थोडे केस पांढरे झाले होते. घरी आल्यावर सामान वर न्यायच्या आधी जिन्याखाली जाऊन गाडीवरची चादर उचलली, टाकीवर हात फिरवला. ते बघून माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, आला बाई घरी.

पण कॅसेटमध्ये बोलणारा माणूस काही विमानातून उतरला नव्हता. हे पूर्वीसारखेच गप्प. जेवायचे, पेपर वाचायचे, भेटायला येणाऱ्यांना साबण वाटायचे. मी काही बोलले की हूं म्हणायचे. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू यायचा, तो टेपमधल्यापेक्षा लांबचा वाटायचा. विचारायचा धीर मला होत नव्हता. इतके महिने यंत्रासमोर बेधडक विचारलेला प्रश्न माणसासमोर तोंडातून निघेना.

एका रविवारी हे म्हणाले, चल, आरे कॉलनीत चक्कर मारू. मरोशीवरून आत शिरलो. दोन्ही बाजूंना झाडं, रस्ता मोकळा, मी मागे एका बाजूला पाय करून बसलेली, ह्यांच्या खांद्यावर हात. दुधाच्या स्टॉलपाशी थांबलो. गार दुधाच्या बाटल्या घेतल्या. गाडी झाडाखाली उभी होती आणि मला इतकं सुखाचं वाटत होतं की मी विचारून टाकलं. म्हटलं, आता इथेच ना? परत नाही ना जायचं?

ह्यांनी बाटली तोंडाची काढली. माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत राहिले.

"सही तर तेव्हाच केली गो," हे म्हणाले. "तुझी ती कॅसेट आली, गाडी चालू झाल्याची, त्याच आठवड्यात. तोवर माझा जीव होईना. म्हटलं, एकटी कशी राहतली ही? मग आवाज ऐकला. म्हटलं, आता काळजी नाय. ही सगळां सांभाळता."

हे कौतुकानेच बोलले. आयुष्यात माझं एवढं कौतुक ह्यांनी पुन्हा कधी केलं नाही, आणि त्यांना वाटलंही असेल की हे ऐकून मला बरं वाटेल. मी दूध संपवलं. बाटल्या परत नेऊन दिल्या. मला ओरडायचं होतं की ती तार मी कापायला नको होती, मी गाडी तशीच मेलेली ठेवायला हवी होती, म्हणजे तुम्ही अजून थांबला असतात. पण स्टॉलवर माणसं होती आणि मला रस्त्यात बोलायची सवय नव्हती.

हे गाडीवर बसले, मी मागे. ह्यांनी चावी फिरवली. त्या एका वेळी मी मनापासून देवाला म्हटलं, ही चालू होऊ देऊ नकोस. ह्यांनी किक मारली आणि गाडी पहिल्या किकेला चालू झाली.